तीन दिवस जास्त

जिथे पूर्वी द्राक्षांचे क्रेट उतरत, तिथे मळ्याचं नवं रेस्टॉरंट उभं होतं. तिच्या नवऱ्याने जन्मभर इथे मजुरीवर वाईन केली, पण तिने थेंबही चाखला नव्हता. आज लेकीच्या हट्टापुढे तिचं काही चाललं नाही. वाढप्याने ग्लासात गडद वाईन ओतली. “चार वर्षांपूर्वीची, काकू. मालकांनी रस सालांसकट मुद्दाम तीन दिवस जास्त ठेवला, म्हणून हा रंग.” लेक फणकारून बोलणार, तोच तिने टेबलाखाली लेकीचा हात दाबला. मुद्दाम कसलं डोंबलाचं. त्या वर्षी ऐन हंगामात नवरा रसाच्या टाकीजवळ कोसळला तो उठलाच नाही. त्याच्या सोबत्यांनी तीन दिवस कामाला हात लावला नाही. तिने घोट तोंडात घेतला. वाढप्याने अदबीने भांडं पुढे केलं. “गिळायची नसते, काकू. चव घेऊन यात थुंकायची.” तिने भांडं परत सरकवलं. आणि घोट गिळला.