खुडूक कोंबडीखालची अंडी

नात चोर निघाली, आणि तीही पोलिसात भरती व्हायला निघालेली. गुणाबाईच्या घशाखाली हे काही केल्या उतरत नव्हतं.

खुडूक होऊन अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली हात घालायचा नाही, हा तिच्या घरचा कायदा. त्या अंड्यांची पिल्लं व्हायची, पिल्लांच्या कोंबड्या व्हायच्या आणि कोंबड्या आरमोरीच्या बाजारात जायच्या. घरातला तेवढाच पैसा गुणाबाईचा. तो खर्चायला तिला पोराचं तोंड बघावं लागत नसे. आज सकाळी कोंबडी दाणे टिपायला उठली म्हणून तिनं टोपलीत डोकावलं, तर अंडी कमी. आधी तिनं मुंगसाला शिव्या घातल्या. मग उकिरड्यावर टरफलं सापडली, शेजारी नातीच्या बुटांचे ठसे. मुंगूस काही अंडं उकडून, सोलून खात नाही.

नात दिव्यानी ग्राउंडवरून परतली, तेव्हा तिचा बाप सुनिल ओसरीवर जेवत होता. ताटात भात, लाखोळीचं वरण आणि तळलेलं अंडं. दुसऱ्या कोंबड्या अंडी घालायच्या, त्यातलं एक रोज त्याचं. शेतात राबणारा तो. बायका मागून बसत. चुलीवरच्या गंजात उरेल ते त्यांचं, आणि उरायचा तो भातच. भात मात्र या घरात कधी कमी पडला नाही, याचा गुणाबाईला भारी तोरा.

"इकडं ये व," ती नातीला म्हणाली. "कोंबडी मले इचारून राह्यली, माही लेकरं कोनं नेली म्हणून. काय सांगू तिले?"

दिव्यानी बुटाची नाडी सोडायला खाली बसली.

सुनिल हसला. "आता चोरच पोलीस होते वाट्टे."

"तू जेव मुकाट्यानं. तुले कोनं इचारलं?"

"मीच खाल्ली," दिव्यानी खाली मान घालूनच म्हणाली. "परवा दुसऱ्या फेरीत चक्कर आली आजी, पडली मी. सर म्हणे, तुह्या पोटात काही नसते. सोमवारी भरतीची मैदानी चाचणी हाय. तिथी पडली का गेलं सारं."

"पोटात नसते? माह्या घरची पोर तीन डाव भात खाते! कोन बोलते तो मास्तर?"

"भातच ना. ते वरोऱ्याची दीपाली पाह्य, मामाकडं राहून पळते ते. तिच्या डब्यात भाकर, अंडे, दही, वरून केळी. तिच्या बापाचं कापसाचं दुकान हाय. पळताना मले नुसती तिची पाठ दिसते."

"मंग मागायचं होतं. चोरायचं काऊन?"

"कोनाले मागू?" दिव्यानीनं बापाच्या ताटाकडं पाहिलं नाही. चुलीपाशी बसलेल्या आशाबाईकडं तिनं पाहिलं. "आईनं कधी मागतलं काय?"

आशाबाईनं लाकूड उगाच पुढं सारलं.

गुणाबाईचा आवाज खाली आला. "ते कोंबडी बसून लय दिवस झाले. अंड्यात पिल्लू धरलं असन. फोडलं तवा दिसलं नाई?"

"दिसलं."

"मंग फेकलं?"

"नाई." नाडीची गाठ सुटत नव्हती. "डोये मिटले अन् खाल्लं. गोठ्यामागं, उभ्यानंच."

सुनिलचा घास हातातच राहिला. त्यानं समोरचं अंडं बोटानं लेकीच्या दिशेनं सारलं.

"ठेव ते," गुणाबाई म्हणाली. "उष्टं नाई पायजे तिले."

ती गुडघ्यांवर हात देत उठली, आत गेली आणि तांदळाच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. पुढच्या खेपेला बसवायची अंडी तिथं जपून ठेवलेली होती. दोन काढली आणि आशाबाईपुढं ठेवली.

"तळ हे. एक तिचं, एक तुहं. अन् उद्यापासून कोंबडीनं अंडं घातलं का पयले इथी चुलीवर येईन."

"मंग बाजारात काय नेशीन?" सुनिलनं विचारलं.

"तुह्या मिशा."

आशाबाईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. कढईत तेल चरचरलं. दिव्यानी बूट सोडून सवयीनं आत चुलीकडं निघाली, तशी गुणाबाईनं तिचा दंड धरला. अख्खा दंड तिच्या एका मुठीत मावला. ती आणखीच चिडली आणि पोरीला ओढत ओसरीवर घेऊन आली, सुनिलच्या पुढ्यात.

"आईक," ती म्हणाली, "अंडे खाल्ले ते माफ. गोठ्यामागं खाल्ले ते नाई. उभ्यानं ढोरं खाते. बस इथी, बापासमोर, मांडी घालून."