वाफाळता वाडगा

आईने ट्रंककॉलवर बजावलं होतं, "बाळंतपण एकटीने काढू नकोस गं." नंदाने हसण्यावारी नेलं. "अगं, इथे नर्स घरी येते!" नर्स यायची, बाळाचं वजन करून जायची. एका दुपारी मँचेस्टरच्या बाजारात मलेशियन चिनी कुटुंबाच्या स्टॉलवरून बाळंतकाढ्यासारखा वास आला आणि बाळाची प्राम ढकलणारी नंदा थबकली. "डुकराच्या बरगड्यांचं सूप आहे, औषधी मुळ्या घालून," तिथली सून म्हणाली. नंदा तरीही बसली. स्टॉलवरच्या म्हाताऱ्या सासूने प्राममध्ये डोकावून पाहिलं, नंदासमोरचं गार पाणी उचललं आणि वाफाळता वाडगा ठेवला. "आई म्हणतात, बाळंतिणीला गार नको. जेवलीस कधी?" सुनेने विचारलं. नंदाला आठवेना. बाळ रडताच ती उठली. म्हातारीने बाळ खांद्यावर घेतलं. "यू ईट." नंदाने वाडगा ओठांना लावला. तुमच्या ओळखीत कुणी बाळंतीण असेल, तर आजच जा, बाळाआधी तिला विचारा, जेवलीस का?