अठरा हजार सातशे चार

अजीजमियांनी चिठ्ठी आधी डोळ्यांजवळ नेली, मग हातभर लांब धरली आणि मोठ्यानं वाचली. अठरा हजार सातशे चार. मग ते हसायला लागले. बोळक्या तोंडानं, पोट हलवत हसले. समोर खुर्चीच्या कडेवर बसलेल्या वैजनाथला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

हसं करून घ्यायला तो दोन एसट्या बदलून देगलूरला आला नव्हता. त्याला अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, फौजेतला नंबर पक्का करायचा होता. देवणीजवळच्या त्याच्या गावात माजी सैनिकांच्या नावांचा फलक लागणार होता. श्रीमंतराव एकाहत्तरच्या लढाईत होते हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नंबराशिवाय नाव कोरणार नाही, असं ग्रामसेवकानं सांगून टाकलं. घरात तर कागदाचा चिटोरा नव्हता. लढाईहून आल्याच्या आठवड्यात अण्णांनी सगळी कागदपत्रं चुलीत घातली होती.

उरला होता तो हा नंबर. गेल्या वर्षी शेवटच्या दोन दिवसांत अण्णांच्या तोंडून दुसरं काही आलंच नाही. खाटेवर बसलेल्या वैजनाथची नडगी चाचपत राहिले आणि नंबर पुटपुटत राहिले. वैजनाथनं तो लिहून घेतला, अर्ज केले. दोन्ही वेळा उत्तर आलं की या क्रमांकाचा जवान नाही. गावात लोक तोंड फिरवून हसू लागले. मग बहिणीला, तारामतीला, ट्रंकेच्या तळाशी एक फोटो सापडला. दोन तरुण फौजी, आणि मागं पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘अजीज, देगलूर’.

खरं सांगायचं तर फलक हे निमित्त. आपला बाप कोण होता हे वैजनाथला एकदा कळायला हवं होतं. आई त्याला वैजू म्हणायची, अख्खा गाव वैजू म्हणायचा. बापानं मात्र जन्मात एकदाही त्याला नावानं हाक मारली नाही. ‘तारा’ ही हाक शेतातून घरापर्यंत पोचायची. वैजनाथच्या वाट्याला ‘ए’, ‘अरे’, फार तर ‘इकडं ये’. शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तरांनी पोराचं नाव विचारलं, तर अण्णांनी आजोबांना पुढं केलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

त्या मुलखात दावणीचा बैल बिननावाचा नसतो. अण्णांनी घरच्या बैलांनाही कधी नाव ठेवू दिलं नाही. पारावर कुणी विचारलं, लढाईत किती मारले, तर ‘एकच’ म्हणायचे आणि उठून जायचे. गावाला त्या एकाचा मोठा अभिमान. वैजनाथला मनातून संताप यायचा. शत्रूला गोळी घालून आलेल्या माणसाला पोराचं नाव तेवढं जड का व्हावं?

हसून झाल्यावर अजीजमियांनी डोळे पुसले.

“बेटा, हा आदमीचा नंबर न्हाई. खच्चराचा हाय.”

फौजेत खच्चराच्या, म्हणजे खेचराच्या, खुरावर नंबर डागतात, ते सांगू लागले. तुझा बाप अन् मी, दोघंबी खच्चरवाले. पहाडावरच्या चौक्यांना गोळाबारूद पोचवायचं काम. बंदूक होती, पण ती आपली खांद्याला.

वैजनाथ उठला. त्याच्या कानशिलांत रक्त चढलं होतं. वर्ष होत आलं, तो एका जनावराच्या नंबरासाठी अर्ज करत हिंडत होता. चिठ्ठी परत घ्यायला त्यानं हात पुढं केला.

“मरताना खच्चर आठवलं अण्णांना. माझं नाव तोंडात आलं न्हाई. कधीच आलं न्हाई.”

अजीजमियांनी चिठ्ठी सोडली नाही. दारात तो ‘श्रीमंतरावांचा मुलगा’ म्हणाला होता आणि तेवढ्यावरच त्यांनी त्याला मिठी मारून आत आणलं होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. ते आता विचारलं.

“वैजनाथ.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यांनी वैजनाथला हाताला धरून पुन्हा खाली बसवलं आणि नजर न भिडवता, थांबत थांबत सांगितलं. पलटणीत प्रत्येक जण आपल्या खच्चराला नाव द्यायचा. त्यांचा स्वतःचा सुलतान. श्रीमंतचं तेवढं बरेच दिवस बिननावाचं होतं. मग गावाकडून पत्र आलं, मुलगा झाला, नाव अमुक ठेवलं. श्रीमंतनं सगळ्यांना गूळ वाटला आणि त्याच दिवशी खच्चराला तेच नाव दिलं. बर्फात त्याच्या कानाशी लागून बोलत बसायचा. पोराचं जावळ काढलं असंल का, असं त्यालाच विचारायचा.

लढाई सुरू झाल्यावर आठवड्याभरात ते जनावर उतारावर घसरलं. पुढच्या पायाची नडगी मोडली. जनावरांचा डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर होता आणि तळ तासाभरात हलवायचा होता. हुकूम झाला. ज्याचं खच्चर, त्यानंच उरकायचं.

“नेम कपाळावर धरावा लागतोय, बेटा. ते दुखण्यानं मान टाकून पडलेलं. वर करीनाच. मंग श्रीमंतनं हाक मारली त्याला. वैजू म्हणून.”

अजीजमियांनी चिठ्ठीची घडी घालून ती वैजनाथच्या मुठीत ठेवली.

“हाक वळखली त्यानं. मान वर केली.”