मुग्धाची खोली

"मुग्धाच्या खोलीसमोर चपला काढायच्या. तिले धूळ चालत नाही," जितेंद्रने सगळ्यांना बजावलं.

मुग्धा म्हणजे मशीन. नागपुरात केबलवर दिसणाऱ्या एका लहानशा चॅनलने आणलेली, बातम्या वाचणारी संगणकातली बाई. रंगवलेला गोरागोमटा चेहरा, हलणारे ओठ आणि डब्यातून यावा तसा सपाट आवाज. जितेंद्र त्या चॅनलचा मालक. आणि कामिनी ही तिथे अठरा वर्षं सातच्या बातम्या वाचणारी जिवंत बाई. मुग्धा आली आणि कामिनीचा अर्धा वेळ तिच्या वाट्याला गेला.

चित्रफितींना मागून आवाज देणारी मोनाली तर त्याच आठवड्यात घरी बसली. आता नंबर आपला, हे कळायला कामिनीला ज्योतिषी नको होता. पडद्यावरून उतरल्यावर आपण कोण, असं ती रोज आरशासमोर पावडर लावताना स्वतःला विचारायची.

मशीनच्या खोलीला कुलूप असे. आत जायचे फक्त जितेंद्र आणि ऑफिसातला म्हातारा शिपाई लहानू. बाहेर रबरी चपलांचा एक जोड कायम पडलेला, तो झाडूवालीचा असावा. दसऱ्याला इतर यंत्रांबरोबर मुग्धाचीही पूजा झाली. शिऱ्याची वाटी नैवेद्य म्हणून आत गेली आणि लहानू संध्याकाळी ती घासून बाहेर घेऊन आला.

"प्रसाद कोणं खाल्ला गा?" कामिनीने विचारलं.

"देवानं खाल्ला," लहानू म्हणाला.

खादाड मेला, असं मनात म्हणून तिने सोडून दिलं.

मग एका बिल्डरच्या लेआउटची बातमी आली. उमरेड रोडवर प्लॉट, सगळ्या मंजुऱ्या मिळालेल्या, घ्या आणि सुखी व्हा. बातमी कसली, जाहिरातच ती.

"मंजुरीचा कागद दाखवा, मग वाचते," कामिनी म्हणाली.

"मॅडम, मशीन कागद मागत नाही," जितेंद्र हसला. बातमी मुग्धाने वाचली.

त्या रात्री सक्करदऱ्यातल्या घरी तिच्या सासूबाई, रुखमाबाई, खुशीत होत्या. "प्लॉट चांगले दिसून राह्यले वं."

"खरं कशावरून, आई?"

"मशीन खोटं काहून बोलन? तिले कोणाचं भेव हाय?"

कामिनीने ताट बाजूला सारलं. सुनेने सांगितल्याशिवाय ही बाई पावसावरही विश्वास ठेवत नसे. त्या दिवशी तिला खरंच वाईट वाटलं.

पण मुग्धाचं काही कळत नव्हतं. एकदा ती बातमी वाचता वाचता खोकली. "लोकायले आपलं वाटावं म्हणून टाकलं तसं," जितेंद्र म्हणाला. हिवाळा संपता संपता तिला चक्क धाप लागू लागली. "सॉफ्टवेअर जड झालं," तो म्हणाला. लहानू चिंचेची पुडी घेऊन आत शिरताना दिसला, तेव्हा कामिनीने त्याला अडवलं.

"मशीनले चिंच कायले?"

"तांब्याच्या तारा घासाले, बाई."

चिंचेने तांबं उजळतं हे कोणत्या बाईला ठाऊक नसतं? कामिनीने वाट सोडली. आपल्यालाच भास होताहेत की काय, असं तिला वाटू लागलं. जो तो मुग्धाचं कौतुक करत होता, आणि वेड्यासारखं कान देऊन तिची धाप ऐकत बसलेली ती एकटीच.

शेवटी तिने सापळा रचला. दोघींच्या बातम्या टाइप करायचं काम तिच्याकडेच होतं. कापड बाजाराच्या बातमीत तिने मुद्दाम लिहिलं, 'धंतोलीतला ठोक कापड बाजार'. धंतोलीत दवाखान्यांशिवाय आहे काय? तिथे कापड शोधायला गेलेला माणूस फार तर पट्टी बांधून परत येईल. मशीन लिहिलेलं वाचतं. वाचू दे, अख्खं नागपूर हसेल.

मुग्धा त्या शब्दापाशी क्षणभर थांबली. मग सपाट आवाजात म्हणाली, "गांधीबागेतला ठोक कापड बाजार."

कामिनीने आपण टाइप केलेला कागद पुन्हा पाहिला, तिथे धंतोलीच होतं. करायला गेले काय आणि झालं काय!

दुसऱ्या दिवशी जितेंद्रने तिला बोलावलं. "चूक तुम्ही केली, सुधारली मशीननं. आता मी काय बोलू, मॅडम? सोमवारपासून पडद्यावर तुम्ही नाही."

ती बाथरूममध्ये जाऊन रडली. तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि परत त्याच्यासमोर उभी राहिली.

"एकदा मले ते मशीन दाखवा. माझी अठरा वर्षं जिनं गिळली, तिचं तोंड तर पाहू द्या."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने खिशातून किल्ली काढली. "मी तेच म्हणणार होतो. चला. चपला काढा."

रबरी चपलांच्या शेजारी तिने आपल्या काढल्या. दार उघडलं. आत एक टेबल, त्यावर माइक, अर्धा पराठा राहिलेला डबा आणि चिंचेची पुडी. खुर्चीत, सुजलेले पाय स्टुलावर टाकून, दोन्ही हातांनी पोट सावरत मोनाली बसली होती. कामिनीला पाहून ती धापा टाकत उठायला लागली.

"ताई, या, बसा तुम्ही."

जितेंद्रने मागे दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, मुग्धाले परवापासून बाळंतपणाची सुटी पाहिजे. तवा सोमवारपासून या खुर्चीवर तुम्ही. पहिली बातमी लेआउटची आहे, आन ध्यानात ठेवा, मशीन कागद मागत नाही."