एक थेंबही कमी नाही

टँकर पंपावर येऊन थांबला तेव्हा वैजयंता केबिनमधल्या फोटोला हार घालत होती. बाहेर पंपाच्या बोर्डावर नाव होतं तेही याच माणसाचं, तिच्या नवऱ्याचं. दिगंबरला जाऊन आज सहा वर्षं झाली.

नवा ड्रायव्हर कागद घेऊन आत आला. "ताई, सील बघून घ्या, दांडी टाकून माप घ्या. डिझेल एक थेंबही कमी निघायचं नाही."

तिचा हात हारावरच थांबला. सरहद्दीकडे निघालेल्या डिझेलच्या टँकरांना पहारा देताना दिगंबरला गोळी लागली होती. घरी आलेल्या त्याच्या फौजेतल्या साहेबांनी तिला धीर द्यायला म्हणून सांगितलं होतं, "टँकर सगळे पोचले, बाई. एक थेंब वाया गेला नाही." पुढे सरकारकडून हा पंप मिळाला.

"डेपोतून किती जण निघालात?" तिने विचारलं.

"दोघं. शिवाप्पा झोपलाय गाडीत."

"उठवा त्यांना."

"सहीला मी आहे की, ताई."

"सहीचं नंतर बघू. आधी त्यांना उठवा."

शिवाप्पा डोळे चोळत खाली उतरला. वैजयंताने त्याला नीट न्याहाळलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि त्याचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"दोघंही आलात," ती म्हणाली. मग तिने मापाची दांडी उचलली.