बागेतला ठिपका

तीन वर्षांच्या लेकीच्या मनगटावरचं घड्याळ कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर ठिपक्याने दिसतं. रोज दुपारी तो ठिपका पाळणाघरातून निघून बागेत पोचला की माझा जीव भांड्यात पडायचा. पण तिच्या बुटांना कधी मातीचा कणही लागलेला दिसेना, म्हणून आज अर्धी रजा टाकून मीच बाग गाठली.

घसरगुंडी रिकामी. बाकावर पाळणाघरातली मावशी एकटीच दात कोरत बसलेली, मनगटापासून कोपरापर्यंत मुलांची घड्याळं चढवून. याच बोटांनी ही माझ्या लेकीला भरवते.

"मावशी, मुलं कुठायत?"

ती बाजूला थुंकली.


"खोलीत आहेत की, बाहेरून कडी घालून आलेय. मुलं फार छळतात हो ताई, घड्याळं कशी गप बसतात."