रुंद हँडल

देवमनकाकांनी हिवरखेडच्या स्टँडजवळ गुलफामच्या गॅरेजसमोर मोटारसायकल लावली. "उंच अन् रुंद हँडल टाकून दे. हे अरुंद पडते."

"कंबर दुखून राह्यली का, काका? का आता म्हातारपणी शौक लागला?" गुलफाम हसला.

काका हसले नाहीत. नवं हँडल बसल्यावर त्यांनी दोन्ही हात पसरून पाहिले आणि म्हणाले, "जमते."

मग झाडाखाली बसलेल्या बायकोला त्यांनी उचलून आणलं आणि लेकरासारखं पुढं, टाकीवर बसवलं. गुलफाम पाना हातात धरून पाहतच राहिला.

"अकोल्याच्या दवाखान्यात नेतो," काका म्हणाले. "कपाशीवर औषध फवारलं, तवापासून हिच्या हातापायात जोर नाई.

"मांगं बसली का माह्यी कंबर सुटते तिच्या हातून."